जळोचीहून हर्णै : पाकटाच्या मुलखात

आमच्या जळोचीत मासा म्हणजे उजनीचा. भिगवणच्या बाजूने बारामतीत येणारी चिलापी, रोहू, कटला आणि नशीब जोरावर असले तर मरळ किंवा वाम. समुद्राचा मासा आमच्यापर्यंत पोचतो तो वाळून: बाजारात गोणपाटावर मांडलेले सुकट आणि बोंबील. एका अंगाला कालव्याचा ऊस, दुसऱ्या अंगाला जिरायत माळ, आणि पाऊस असा की आभाळ भरून आले तरी छत्री घरी ठेवून निघावे. अशा गावातल्या मुलांना समुद्र शिकवायचा म्हणजे नकाशावर निळा रंग दाखवायचा. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो; विज्ञान आमचा विषय नाही. पण उर्दूच्या तासाला ‘सफीना’ हा शब्द आला की मुले विचारतात, जहाज पाहिलेय का सर? तेव्हा आमच्याकडे उत्तर असते ते दादाजींचे. दादाजी मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. हाजींची जहाजे मुंबईहून जेद्दाला १९९५ पर्यंत जात, हे आता मुलांना सांगूनही खरे वाटत नाही.

आमची मोठी आपा दापोली तालुक्यात दिलेली. दरवर्षी ती बोलावते आणि दरवर्षी काहीतरी आडवे येते. यंदा दिवाळीच्या सुटीत आम्ही घरचे पाच जण आणि शेजारची दोन मुले अशी गाडी भरून निघालोच. लोणंद, वाई, पाचगणी, महाबळेश्वर, मग आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, पुढे खेड आणि दापोली. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पण घाटामुळे दिवस जातो. घाटाविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून आम्ही तो इथे सोडून देतो. पोरांना उलट्या झाल्या, एवढे सांगितले की पुरे.

हर्णै बंदर दापोलीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्याला लागून कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. पण माणसे इथे किल्ल्यांपेक्षा लिलावाला येतात. सकाळी एकदा आणि दुपार कलल्यावर एकदा होड्या लागतात. मोठ्या होड्या खोल पाण्यात थांबतात आणि बैलगाड्या पार पाण्यात शिरून माल वाळूवर आणतात. बैलाच्या पोटापर्यंत लाटा आलेल्या आणि तो निवांत रवंथ करतो आहे, हे आमच्याकडच्या माणसाला पाहवत नाही. आमची मुले तर मासे सोडून बैलच बघत बसली. उसाच्या गाडीला जुंपलेला बैल त्यांनी पाहिला होता, समुद्राला जुंपलेला नव्हे.

वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबी, बांगडा यांचे ढीग आणि भोवती बायकांचा गराडा. त्याच्या एका कडेला, जरा उपेक्षित असे, चपटे काळपट जीव एकावर एक रचून ठेवले होते. ओली कातड्याची ढाल जमिनीवर टाकावी तसे. काही उलटे पडले होते आणि त्यांची पांढरी बाजू वर आली होती. त्या पांढऱ्या बाजूवर चक्क चेहरा! दोन डोळे, खाली हसरे तोंड. आमची धाकटी खिदळायला लागली. दुल्हाभाईंच्या ओळखीचे एक वयस्क चाचा तिथे होते, पिढीजाद मासेमारी करणारे दालदी. ते म्हणाले, “बेटा, ते डोळे नव्हेत, नाकपुड्या आहेत. डोळे बघ पाठीवर आहेत.” त्यांनी एक उलथा केला. खरेच, पाठीवर दोन उंचवटे आणि त्यांत डोळे.

हे पाकट. इंग्रजीत याला स्टिंगरे म्हणतात. मुशी किंवा मोरी, म्हणजे शार्क, हे याचे सख्खे नातेवाईक. दोघांच्याही अंगात हाड म्हणून नाही. सारा सांगाडा कूर्चेचा, आपल्या बाहेरच्या कानात असते तशा लवचीक पदार्थाचा. शार्कला वरून लाटण्याने लाटावे आणि कडा पंखासारख्या पसराव्यात, म्हणजे पाकट होईल, असे आम्ही मुलांना सांगितले. कल्ल्यांच्या फटी खालच्या बाजूला असतात, प्रत्येक अंगाला पाच. तोंडही खाली. मग वाळूत पोट टेकून बसलेला हा जीव श्वास कसा घेतो? तोंडाने घ्यावा तर वाळूच आत जाईल. त्यासाठी डोळ्यांच्या मागेच दोन भोके असतात. पाणी तिथून आत ओढले जाते आणि खालच्या कल्ल्यांतून बाहेर पडते. चाचांनी एका पाकटाच्या त्या भोकात करंगळी घालून दाखवली. नकाशावरच्या निळ्या रंगात हे कुठून दिसणार?

त्या ढिगातल्या बहुतेकांना शेपूटच नव्हते. बाजारात येण्याआधीच ते होडीवर तोडून टाकतात, कारण धोका तिथेच असतो. चाचांनी एक शेपूट मात्र बाजूला ठेवले होते, कोणाला तरी दाखवायला. चाबकासारखे लांब, आणि खालच्या बाजूने काळ्या कापडाची पट्टी शिवावी तशी रुंद घडी. ही घडी ज्याला असते त्या जातीला इंग्रजीत गायशेपट्या म्हणतात, शास्त्रीय नाव पास्टिनॅकस सेफेन. गायीच्या शेपटीचा गोंडा नजरेसमोर आणा. शेपटीच्या वरच्या अंगाला, बुडापासून बऱ्याच अंतरावर, तिरपा बसवलेला एक काटा होता. करवतीसारखे दाते, आणि दाते उलटे वळलेले. म्हणजे आत जाताना सहज जाईल, बाहेर येताना मांस फाडत येईल. काट्यावर पातळ कातडी असते आणि खालच्या दोन खाचांत विषाच्या पेशी. काटा घुसला की ती कातडी फाटते आणि विष जखमेत उतरते. बाकीच्या बऱ्याच पाकटांत काटा शेपटीच्या बुडाजवळ असतो. या गायशेपट्यात तो मागे सरकलेला, त्यामुळे त्याचा फटका लांबवर पोचतो.

चाचांच्या पोटरीवर वीतभर व्रण होता. तरुणपणी जाळे ओढताना लागलेला. “मारायला येत नाही तो,” ते म्हणाले. “त्याच्यावर पाय पडला तर मारतो. तुझ्या पाठीवर कोणी उभे राहिले तर तू काय करशील?” यावर शेजारच्या मुलाने तत्काळ, “चावीन,” असे उत्तर दिले. ऑस्ट्रेलियाचे प्राणिमित्र स्टीव्ह आयर्विन ४ सप्टेंबर २००६ रोजी छातीत असाच काटा लागून गेले, हे अनेकांना आठवत असेल. जगभर त्याची बातमी झाली, कारण असे मृत्यू फार दुर्मीळ. पायाला लागणारे काटे मात्र दुर्मीळ नाहीत.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही आंजर्ल्याच्या बाजूला गेलो. तिथे जोग नदीची खाडी समुद्राला मिळते. पाणी ओसरल्यावर चिखल-वाळूचा मोठा पट्टा उघडा पडतो. त्यावर जागोजागी उथळ, गोल खळगे दिसत होते, परातीएवढे. आम्हाला वाटले म्हशी लोळल्या असतील. चाचा हसले. भरतीच्या पाण्याबरोबर पाकट इथवर येतात आणि वाळूत तोंड खुपसून खाणे शोधतात. पंखांच्या कडा फडफडवून आणि तोंडाने पाण्याचे फवारे मारून वाळू उडवायची, खालचे शिंपले, खेकडे, कोळंबी, किडे उचलायचे, आणि ओहोटी लागली की परत जायचे. तेच हे खळगे. गायशेपट्याचे दात टोकदार नसतात. जाड, चपटे, फरशीसारखे एकमेकांना चिकटून बसवलेले असतात. शिंपला त्यात सापडला की चरकात घातलेल्या उसासारखी त्याची गत. फरक इतकाच की पाकट चोयट्या, म्हणजे शिंपल्याचे तुकडे, बाहेर टाकतो आणि आतला ऐवज गिळतो.

आता डोळे पाठीवर आणि तोंड पोटाखाली, तर खाणे दिसते कसे? दिसत नाहीच. शार्क आणि पाकट यांच्या तोंडाभोवतीच्या कातडीत बारीक छिद्रे असतात आणि छिद्रांच्या आत चिकट द्रवाने भरलेल्या नळ्या. इटलीच्या स्तेफानो लोरेंझिनी यांनी १६७८ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांचेच नाव त्यांना पडले आहे. त्या कशासाठी आहेत हे कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. कोणत्याही जिवंत प्राण्याचे स्नायू आणि कल्ले हलतात तेव्हा अतिशय क्षीण वीज निर्माण होते. वाळूत दडलेल्या खेकड्याची ती वीज पाकटाला या नळ्यांतून जाणवते. अंधारात, गढूळ पाण्यात, वाळूच्या खाली, तरीही. आमच्याकडे वीज तारांतून येते तीसुद्धा आठ-आठ तास जाणवत नाही, असे दुल्हाभाई म्हणाले. त्यांचा रोख कुणीकडे होता हे सांगायला नको.

पाकट स्वतःही वाळूत दडतो. पंखांनी वाळू उडवून अंगावर घेतो, फक्त डोळे आणि श्वासाची भोके उघडी. पोहताना मात्र देखणा. चाचांच्या होडीतून आम्ही एक पाहिला, पाण्याच्या वरच्या थरात क्षणभर आलेला. दोरीवर वाळत घातलेल्या ओढणीच्या कडेवरून वारा जावा तशी लाट त्याच्या पंखाच्या कडेवरून सरकत गेली आणि तो दिसेनासा झाला. अशा मोठ्या गायशेपट्याची रुंदी पावणेदोन मीटरपर्यंत जाते. लिलावातले दोन-अडीच हातांचे होते.

आता ‘सेफेन’ या शब्दाकडे वळू, कारण आमचे खरे क्षेत्र तेच. हे नाव लॅटिन किंवा ग्रीक नाही. ते अरबी आहे. पीटर फोर्सकाल नावाचा एक निसर्गशास्त्रज्ञ होता, जन्म १७३२, हेलसिंकीचा, थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस यांचा शागीर्द. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या सहा जणांच्या मोहिमेत तो होता. १७६१ च्या जानेवारीत ते कोपनहेगनहून निघाले आणि १७६२ च्या अखेरीस जेद्दाला आणि तिथून येमेनच्या लुहय्या बंदरात पोचले. फोर्सकालला अरबी येत होती. किनाऱ्यावरच्या मासेमारांना तो माशाचे नाव विचारी, आणि पुष्कळदा तेच शास्त्रीय नाव म्हणून ठेवून देई. ‘सेफेन’ त्यातलेच, आणि ठिपकेदार पाकटाचे ‘उआर्नाक’ हेही. आपल्याकडे साहेबांनी नावे दिली असे आपण सरसकट म्हणतो. इथे नाव लाल समुद्राच्या कोळ्यांचे आहे, साहेबाने ते लिहून घेतले.

सीन-फे-नून. ‘सफन’ म्हणजे खरखरीत कातडे, ज्याने लाकूड, बाण घासून गुळगुळीत करत आणि जे तलवारीच्या मुठीवर चढवत, हात निसटू नये म्हणून. या माशाच्या पाठीच्या कातडीत दाताच्या जातीचे कठीण दाणे असतात. जुने अरबी कोशकार ‘सफीना’ हा शब्दही याच धातूशी जोडतात: सोलणे, तासणे. जहाज पाण्याचा पृष्ठभाग सोलत जाते, म्हणून सफीना. वीस वर्षे आम्ही हा शब्द शिकवतो आहोत आणि त्याचा भाऊबंद हर्णैच्या वाळूवर पडलेला असेल याची कल्पना नव्हती. आपाच्या ओसरीवर रात्री हे सारे सांगितले तेव्हा मुले झोपली होती, पण चाचा मात्र जागे होते. त्यांनी दोनदा ‘सफन, सफन’ असे म्हणून पाहिले.

फोर्सकाल ११ जुलै १७६३ रोजी येमेनमध्ये यरीम इथे तापाने वारला. वय एकतीस. सहापैकी एकच जण जिवंत घरी परतला, कार्स्टन नीबूर. तो येमेनहून मुंबईलाच आला, १७६३ च्या सप्टेंबरात, आणि जवळजवळ सव्वा वर्ष मुंबईत राहिला. घारापुरीची लेणी त्याने मोजून-रेखाटून काढली. त्याच्याबरोबर आलेला डॉक्टर क्रेमर मुंबईतच वारला. पुढे नीबूरने मित्राची टिपणे १७७५ साली छापून घेतली, त्यात आपला हा सेफेन आहे. म्हणजे ज्या समुद्रातून दादाजी जेद्दाला गेले, त्याच समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर या माशाचे बिऱ्हाड. तांबड्या समुद्रापासून इराणी आखातातून अरबी समुद्रापर्यंत तो आहे. वाळू, चिखल, खाडी, कांदळवन, प्रवाळ, कुठेही त्याचे भागते.

आता स्वयंपाकघर. मासिकात घरचे वाचक अधिक, त्यांना एवढ्यात विचारायचे असेल की खातात का? खातात. आपाकडे पाकटाचे कालवण आणि तांदळाची भाकरी झाली. ताटावर बसण्याआधी आमच्या घरच्यांनी हळूच विचारले, चालते ना? प्रश्न रास्त आहे. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, त्यांच्याकडे समुद्रातले जवळपास सारे चालते. आमच्याकडे घाटावर हनफी, आणि हनफींत पाण्यातला फक्त मासा. मसला सांगणे आलिम लोकांचे काम. आम्ही फक्त एवढे सांगू शकतो की प्राणिशास्त्रात पाकट हा मासाच आहे: कल्ल्यांनी श्वास घेतो, परांनी पोहतो, पाण्याबाहेर जगत नाही. आकाराने फसू नये.

पाकट शिजवण्यात एक खोच आहे. नीट धुतला नाही तर गोठ्यासारखा वास मारतो. याचे कारण मजेदार आहे. आंब्याच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, हे लोणचे घालणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक. समुद्राचे खारे पाणी माशाच्या अंगातले पाणी असेच ओढून घेत असते. इतर मासे सतत समुद्राचे पाणी पिऊन आणि मीठ बाहेर टाकून हिशेब जुळवतात. शार्क आणि पाकट यांनी वेगळाच मार्ग काढला आहे: ते रक्तात युरिया साठवतात. होय, आपण उसाला टाकतो तोच युरिया. त्यामुळे अंगातला द्रव समुद्राइतकाच दाट होतो आणि पाणी ओढले जात नाही. मासा मेला की जंतू त्या युरियाचा अमोनिया करतात, तो हा वास. म्हणून ताजा घ्यायचा, उकळते पाणी ओतून वरची खरखरीत कातडी खरवडायची, तुकडे चिंचेच्या किंवा कोकमाच्या पाण्यात ठेवून दोन-तीनदा धुवायचे. आपा आले-लसूण सढळ हाताने घालते. काटे नाहीत, फक्त मऊ कूर्चा, त्यामुळे लहान मुलांना द्यायला सोपा. मासा खाल्ला तर काटाच अडकेल या भीतीने भाजीवर बसणारी आमची धाकटी दोन तुकडे खाऊन उठली.

हे सारे आनंदाचे. पण तिसऱ्या दिवशीच्या लिलावात जे पाहिले ते सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही.

बैलगाडीतून नुकताच उतरवलेला एक मोठा पाकट वाळूवर होता, अजून जिवंत. त्याच्या मागच्या बाजूने एक गुंडाळलेली घडी बाहेर आली, वाळूवर पडली आणि उलगडली. हुबेहूब तसेच पिल्लू, ताटलीएवढे, शेपटीसकट. मग आणखी एक. मुले गप्प झाली. मादी पाकट अंडी बाहेर घालत नाही. पिल्ले तिच्या पोटात वाढतात. सुरुवातीला अंड्यातला बलक पुरतो. तो संपला की गर्भाशयाच्या आतल्या भिंतीवर बोटांसारखे बारीक धागे असतात, त्यांतून एक पौष्टिक, दुधासारखा द्रव पाझरतो आणि पिल्ले त्यावर पोसली जातात. अरबीत गर्भाशयाला ‘रहम’ म्हणतात आणि दयेलाही ‘रहमत’, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. जाळ्यात अडकलेली, दमलेली मादी बऱ्याचदा अशी वेळेआधीच पिल्ले टाकते. म्हणजे जाळ्यात आई एकटी सापडली असे दिसले, तरी गेलेली असते पुढची पिढीही.

धाकटीने चाचांची बाही ओढली. चाचांनी वाकून दोन्ही पिल्लांची हालचाल पाहिली. एक निश्चल होते. दुसरे त्यांनी पंजावर घेतले, शेपूट हाताच्या दूर ठेवून, आणि गुडघाभर पाण्यात जाऊन सोडले. ते क्षणभर तळाशी बसले, मग कडा हलवत निघून गेले. जगेल का, असे मुलीने विचारले. “पूर्ण वाढलेले होते, जगेलही,” चाचा म्हणाले. आई मात्र तोपर्यंत लिलावात गेली होती. कोणाची होडी, कोणाचे कर्ज, कोणाच्या घरची चूल, हे त्या बोलीत होते. चाचांनी तिला सोडा म्हटले नाही आणि आम्हीही म्हटले नाही. आदल्याच दिवशी आम्ही कालवण मिटक्या मारत खाल्ले होते.

नंतर चहा पिताना ते बोलले. पूर्वी खाडीच्या तोंडाशीच मोठे पाकट मिळत. आता होडी लांब न्यावी लागते आणि येतात ते लहान. तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यांवर त्यांचा राग आहे. आम्हाला त्यांच्या म्हणण्यात तथ्य वाटते. बांगडा, तारली हजारांनी अंडी टाकतात, एक वर्ष वाईट गेले तरी पुढच्या वर्षी सावरतात. पाकट वयात यायला वर्षे घेतो आणि एका वेळी मोजकीच पिल्ले देतो. त्याचा हिशेब माशाचा नाही, म्हशीचा आहे. गोठ्यातल्या गाभण म्हशी दरवर्षी विकल्या तर दूध कुठून येणार, हे जळोचीतल्या कोणालाही कळते. १ जून ते ३१ जुलै अशी दोन महिन्यांची मासेमारीबंदी आपल्या किनाऱ्यावर असते, ती चांगलीच आहे, पण दोन महिन्यांची विश्रांती म्हशीच्या हिशेबाला पुरत नाही.

कायदा काही जातींना पूर्ण संरक्षण देतो. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात शार्क आणि त्यांच्या भावकीतल्या दहा जाती घातल्या गेल्या. त्यांत करवतीसारखे लांब तोंड असलेले मासे आहेत, गंगेच्या गोड्या पाण्यातला पाकट आहे, पाठभर काटे असलेला साळिंदर-पाकट आहे. आणि गिटारीच्या आकाराचा एक आहे, त्याचे शास्त्रीय नाव ‘जिद्देन्सिस’, म्हणजे जेद्दाचा. तोही फोर्सकालनेच नोंदवलेला. २०२२ च्या दुरुस्तीने यादी आणखी वाढली. गायशेपट्या पाकट बाजारात राजरोस दिसतो. चाचांना यादीतले काही मासे ओळखता येतात, काही येत नाहीत. चित्रे असलेला तक्ता मराठीत छापून बंदरावर लावला तर त्याचा उपयोग होईल, असे ते म्हणाले. आम्हाला हे काम अगदी सोपे वाटते. मग ते का होत नाही?

सुटीत किनाऱ्यावर जाणाऱ्यांसाठी थोडे उपयोगाचे. कंबरभर पाण्यात, विशेषतः खाडीच्या तोंडाशी आणि गढूळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नयेत. वाळूवरून घासत, सरकवत न्यावेत. पायाची धडधड लागली की पाकट स्वतःहून निघून जातो. लागलाच काटा, तर पाण्याबाहेर यावे, जखम स्वच्छ धुवावी आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवावा, अर्धा तास ते दीड तास. पाणी निवले की पुन्हा गरम घालावे. हात-पाय बधिर झालेल्याला चटका कळत नाही, म्हणून दुसऱ्या कोणी पाणी आधी तपासावे. पाकटाचे विष उष्णतेने निकामी होते आणि वेदना झपाट्याने उतरते. चाचांच्या व्रणावरही त्यांच्या आईने हेच केले होते, कोणताही डॉक्टर नसताना. नंतर मात्र डॉक्टरकडे जावेच: काट्याचा तुकडा आत राहतो, जखम चिघळते, धनुर्वाताचे इंजेक्शन लागते. छाती, पोट किंवा मानेत काटा रुतला असेल तर तो उपटू नये. तसेच थेट इस्पितळ गाठावे. आणि वाळूवर मेलेला पाकट पडलेला दिसला तरी मुलांना शेपटीला हात लावू देऊ नये, काटा मेल्यावरही टोचतो.

निघताना चाचांनी आम्हाला एक वाळवलेला कातडीचा तुकडा दिला, तळहाताएवढा. पोरांच्या शाळेत दाखवा म्हणाले. परतीच्या वाटेवर महाबळेश्वरला मुलांनी स्ट्रॉबेरीऐवजी तोच तुकडा आळीपाळीने मांडीवर घेतला. सुटीनंतर सातवीच्या वर्गात तो फिरवला. एका मुलाने लाकडी पट्टीची तुटकी कड त्यावर घासून पाहिली. पाच-सहा घासांत कूस निघून गेली आणि बाकावर पांढरा भुसा पडला. फळ्यावर ‘सफन’ आणि ‘सफीना’ शेजारी शेजारी लिहिलेले होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला की हा मासा उजनीत सोडला तर जगेल का. गायशेपट्या नद्यांच्या मुखांतून आत शिरतो हे खरे, पण उजनी समुद्रापासून फार दूर आणि वाटेत धरणे, असे आम्ही सांगितले. तर दुसरा म्हणाला, मग आपणच जाऊ तिकडे. सहलीचा अर्ज मुख्याध्यापकांकडे दिला आहे.